नानांचा कागद आणि घरातलं बोलणं

वाचकांचे प्रश्न: उत्तरं देत आहेत इंदूरच्या एक निवृत्त भूलतज्ज्ञ

प्रश्न: डॉक्टरताई, आम्ही राजेंद्रनगरला राहतो. माझे सासरे, नाना, ८१ वर्षांचे आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबी, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे. हार्टचं पंपिंग कमी झालंय, दिवाळीपासून दोनदा ॲडमिट करावं लागलं. आता त्यांनी लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणारा कागद, करायचं मनात घेतलंय. म्हणतात, नोटरीकडे चल, एकदाचं काम उरकू. माझे मिस्टर विषयच काढू देत नाहीत. ‘घरात असलं अभद्र बोलू नका’ म्हणून ताटावरून उठले. नणंद अमेरिकेत असते, ती म्हणते ताबडतोब करा, इकडे सगळे करतात. आणि भाचा एमडी करतोय, तो म्हणतो, ‘मामी, त्या कागदांचा उपयोग होत नाही, तिकडचेच मोठे डॉक्टर आता तसं लिहितात.’ दोन्ही वेळा नानांना दवाखान्यात मीच नेलं, रात्री मीच बसले. कोणाचं ऐकू? कागद करावा की नाही?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर: तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी अडले. दोन्ही वेळा नानांना तुम्ही नेलंत, रात्री तुम्ही बसलात. नवरा, नणंद, भाचा, सगळ्यांचं मत पत्रात आहे. पण नानांना बोलता येईनासं झालं तर त्यांच्या वतीने कोण बोलणार, हे कोणीच म्हटलेलं नाही. नोटरीकडे जाण्याआधी घरात हे ठरायला हवं.

भाच्यापासून सुरुवात करते, कारण तो खोटं बोलत नाही. ‘लिव्हिंग विल’ हा शब्द शिकागोच्या लुईस कुटनर या वकिलांनी १९६९ मध्ये मांडला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिला कायदा झाला. १९९० मध्ये अमेरिकेने देशभरासाठी कायदा करून दवाखान्यांना सांगितलं, की दाखल होणाऱ्या माणसाला या हक्काची लेखी माहिती द्या. हेतू चांगला होता. पण १९९५ मध्ये ‘सपोर्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पाच शिक्षण रुग्णालयं, नऊ हजारांवर अत्यवस्थ रुग्ण. खास शिकवलेल्या नर्सेस रुग्णाशी बोलायच्या, घरच्यांशी बोलायच्या, त्यांचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत पोचवायच्या. एवढं करूनही शेवटच्या दिवसांत फरक पडला नाही. आयसीयूतले दिवस तेवढेच राहिले, वेदनाही तेवढ्याच. २०२० मध्ये युरोपातल्या सहा देशांत कॅन्सरच्या अकराशेवर रुग्णांवर झालेल्या चाचणीतही जगण्याची प्रत सुधारलेली दिसली नाही. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात शॉन मॉरिसन, डायेन मायर आणि रॉबर्ट अर्नोल्ड यांनी स्पष्ट लिहिलं, की या आगाऊ नियोजनातून जे मिळेल असं वाटलं होतं ते मिळालेलं नाही. या तिघांनी उभी हयात पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे दुखणाऱ्या आणि जाणाऱ्या माणसाला आराम देण्याच्या कामात घालवली आहे. मरणाच्या विषयाला भिणारी ही माणसं नव्हेत. त्यांचं म्हणणं असं, की पुढे कधीतरी येणाऱ्या, कल्पनेतल्या आजाराबद्दल आज घेतलेला निर्णय त्या वेळच्या खऱ्या प्रसंगाला लागू पडतच नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका निवृत्त शिक्षकांना शनिवारी रात्री आमच्याकडे आणलं. मुलाला एवढंच ठाऊक होतं, की बाबांनी काहीतरी लिहून ठेवलंय. कागद बँकेच्या लॉकरमध्ये होता. तोपर्यंत श्वासाची नळी घालून झाली होती. सोमवारी तो झेरॉक्स घेऊन धावत आला. आत सुंदर टंकलेलं वाक्य होतं: ‘वाचण्याची आशा नसल्यास कृत्रिम उपकरणे वापरू नयेत.’ मुलाने विचारलं, ‘मॅडम, आशा आहे की नाही?’ थोडी होती. किती, ते मलाही सांगता येत नव्हतं. आणि थोड्या आशेसाठी बाबा किती सोसायला तयार होते, याबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हतं. मुलगा तो कागद हातात धरून तीन दिवस बाकावर बसून होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

पण भाच्याने गोष्ट अर्धीच सांगितली. त्याला मेलबर्नचा अभ्यासही वाचायला सांगा, २०१० चा. ऐंशी किंवा त्याहून जास्त वयाचे ३०९ रुग्ण. निम्म्यांशी, शक्य तिथे घरच्यांना सोबत बसवून, शिकलेल्या माणसाने शांतपणे बोलणं केलं. सहा महिन्यांत दोन्ही गटांतले मिळून ५६ जण गेले. ज्यांच्याशी बोलणं झालं होतं त्या २९ पैकी २५ जणांची इच्छा माहीत होती आणि ती पाळली गेली. बाकीच्या २७ पैकी फक्त ८ जणांची. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: मागे राहिलेल्या माणसांना ताण, चिंता, नैराश्य यांचा त्रास कमी झाला. त्याच वर्षी रिबेका सुडोर आणि टेरी फ्रीड या दोन अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं, की उपचारांची यादी आधी ठरवण्याचा हट्ट सोडा, त्या घडीला निर्णय घ्यावा लागेल त्यासाठी माणसाला आणि त्याच्या जवळच्यांना तयार करा. म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही बाजू एका गोष्टीवर भांडत नाहीत. विश्वासाचं माणूस आधी नेमून ठेवावं, हे मॉरिसन आणि मंडळीही मान्य करतात.

माझ्या आईचं सांगते. स्नेहलतागंजातल्या जुन्या घरात राहायची. साठी उलटल्यापासून तिचं एक वाक्य ठरलेलं: ‘मला त्या नळ्या लावायच्या नाहीत हं.’ नळी घालणं हेच माझं काम होतं, त्यामुळे ते वाक्य मी हसून सोडून देत असे. ७६ व्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत होता, ती गुंगीत होती. ड्यूटीवरचा मुलगा माझाच विद्यार्थी. त्याने विचारलं, ‘मॅडम, ट्यूब डालें?’ तिचं वाक्य माझ्या कानांत होतं. पण न्यूमोनिया हा बरा होणारा आजार आहे, हेही ठाऊक होतं. मी हो म्हटलं. सहाव्या दिवशी नळी निघाली. आवाज फुटल्यावर तिने पहिलं विचारलं, ‘तुळशीला पाणी कोण घालतंय?’

त्यानंतर ती पावणेतीन वर्षं जगली. नातीच्या लग्नात पाटावर बसून पुरणपोळ्या लाटल्या. एका दुपारी ती वाती वळत होती तेव्हा मी धीर करून विचारलं, ‘आई, तेव्हा नळी घातली ते चुकलं का माझं?’ हातातली वात पुरी करून ती म्हणाली, ‘ती चालली. घरी आणलंस ना मला. घरी आणता येणार नसेल तेव्हा घालू नकोस. आणि मला तुम्ही ओळखू येईनासे झालात, तर मला धरून ठेवू नका.’

‘नळ्या नको’ या वाक्याचा खरा अर्थ मला इतक्या वर्षांनी त्या दुपारी कळला. आधीच नोटरीकडे जाऊन ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं असतं, आणि मी ते अक्षरशः पाळलं असतं, तर त्या पावणेतीन वर्षांना आई मुकली असती. दुसऱ्या वेळी मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. सीटी स्कॅन पाहिल्यावर नळी घालायची नाही हे ठरवायला मला तासभरही लागला नाही. लागला तो भावाला समजवायला. तो पुण्याहून रातोरात आला आणि दारातूनच म्हणाला, ‘जे करता येईल ते सगळं करा.’ मी त्याला ती दुपार सांगितली. तो म्हणाला, ‘मला हे कधीच कोणी सांगितलं नाही.’ खरं होतं. त्या दुपारी मी त्याला नुसता फोन लावून आईच्या हातात दिला असता, तर पुढचे दोन तास आम्ही बहीण-भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसलो नसतो. ती रुखरुख माझ्या मनात आहे, म्हणून एवढं लांबण लावून तुम्हाला सांगते.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट भाच्याच्या शोधनिबंधांत सापडणार नाही. तिकडे निदान रुग्णाला विचारतात. इथे डॉक्टर मुलाला बाहेर बोलावून कॉरिडॉरमध्ये सांगतात आणि आत पडलेल्या माणसाला ‘सब ठीक है बाबूजी’ म्हणतात. मीही हे वर्षानुवर्षं केलंय. शेवटी पैसे संपले की ‘लामा’वर सही, म्हणजे आमच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय असं लिहून द्यायचं, आणि ‘अब घर ले जाकर सेवा करो’. ती सेवा कशी करायची, धाप लागली तर काय द्यायचं, मॉर्फिन कोण लिहून देणार, हे कोणी सांगत नाही. जिथे मूळ माणसाला विचारतच नाहीत, तिथे ८१ वर्षांचा गृहस्थ आपणहून ‘मला बोलायचंय’ म्हणतोय. त्याला ‘अभद्र’ म्हणून गप्प करू नका, एवढं तुमच्या मिस्टरांना माझ्या वतीने सांगा. ते निर्दय नाहीत. भ्यायले आहेत. ‘तुम्ही मरणाबद्दल बोला’ असं न म्हणता ‘नाना दवाखान्यातल्या त्या रात्रींबद्दल काय म्हणतात ते फक्त ऐका’ असं म्हणून पाहा.

कायदा थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी असा कागद वैध मानला. पण तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ते सोपं झालं. दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात घालायची, एकापेक्षा जास्तही चालतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना, एक स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. म्हणजे आपल्याकडे नगर निगमात जाऊन चौकशी करायची आणि प्रत दिली की पोच घ्यायची. कागद कधीही लेखी रद्द करता येतो, बदलता येतो. तो वापरायची वेळ आली तर दवाखान्याचं तीन डॉक्टरांचं मंडळ पाहतं, मग दुसरं मंडळ पाहतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. आणि नाना शुद्धीवर आहेत, समजून बोलताहेत, तोपर्यंत हा कागद बाजूला. तेव्हा ते तोंडाने म्हणतील तेच खरं.

अरुणा शानबाग यांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. १९७३ मध्ये तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, त्या २०१५ पर्यंत तशाच अंथरुणावर होत्या. २०११ मध्ये न्यायालयापुढे मोठा प्रश्न हाही होता, की त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाचा? याचिका करणाऱ्या लेखिकेचा नव्हे, तर इतकी वर्षं त्यांना न्हाऊ-माखू घालणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं न्यायालयाने मानलं. म्हणून म्हणते, नानांना सरळ विचारा, ‘तुमच्यासाठी कोण बोलू?’ ते कदाचित तुमचं नाव घेतील. सुनेचं नाव घेतलं की घरात काय होईल, याची मला कल्पना आहे. तरीही घेऊ द्या. सोबत मुलाचंही नाव असू द्या. आणि अमेरिकेतल्या लेकीला व्हिडिओवर बसवा, कारण शेवटच्या घडीला लांबून येणारं मूलच ‘सगळं करा’ म्हणतं. ते त्याचं प्रेमच असतं. त्याला तोवर काही सांगितलेलं नसतं, एवढंच.

नानांना ‘व्हेंटिलेटर हवा की नको’ असं विचारू नका. त्यांना विचारा, मागच्या दोन वेळांत सगळ्यांत वाईट काय वाटलं? काय परत चालेल, काय नाही? घरी यायचं म्हणजे निदान काय काय करता यायला हवं: स्वतः संडासला जाणं, पेपर वाचणं, नातवाशी बोलणं? आणि पंपिंग किती आहे, पुढचं वर्ष-दोन वर्षं साधारण कशी जातील, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना नानांसमोर विचारा, बाहेर नाही. डॉक्टरांना हेही विचारता येतं, की व्हेंटिलेटर लावून चार-पाच दिवस पाहू आणि सुधारणा नसेल तर काढायचं, असं आधी ठरवून लावाल का? बऱ्याच घरांना माहीतच नसतं, की असं ठरवता येतं.

एक गोष्ट खास इंदूरसाठी. इथे नेत्रदान, देहदानाचे फॉर्म घरोघरी भरलेले असतात, २०१५ पासून ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे दान केलेले अवयव वेगाने नेण्यासाठी मोकळे केलेले रस्तेही आपण पाहतो. नानांनी अवयवदानाचा फॉर्म भरला असेल, तर ‘व्हेंटिलेटर अजिबात नको’ हे वाक्य त्याच्या आड येऊ शकतं. मेंदू मृत झाल्यावर अवयव टिकवायला तेच यंत्र काही तास लागतं. तेवढ्यापुरतं चालेल की नाही, हे वेगळं लिहा.

आणि मग कागद करा. लॉकरमध्ये ठेवू नका. नानांच्या औषधांच्या डब्यात एक प्रत, दवाखान्याच्या फाइलमध्ये एक, तुमच्या फोनमध्ये फोटो. प्रत्येक ॲडमिशननंतर घरी आलात की आठवड्याभरात पुन्हा वाचा आणि नानांना विचारा, अजून असंच वाटतंय का.

प्रश्न: मी ७४ वर्षांचा आहे. हे म्हणजे इच्छामरणच झालं ना? आमच्या घरी धार्मिक वातावरण आहे, मनाला पटत नाही.
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात आजही गुन्हा आहे आणि या कागदाने ते मागताच येत नाही. बरं होण्याची आशा उरलेली नाही असं दोन मंडळांनी पाहिल्यावर, मरण नुसतं लांबवणारी यंत्रं नकोत, एवढंच यात म्हणता येतं. वेदनेवरचं औषध, तोंडात पाण्याचा थेंब, कूस बदलणं, हे सगळं चालूच राहतं. तुम्हाला याउलट हवं असेल, म्हणजे शेवटपर्यंत सगळे उपचार करा असं वाटत असेल, तर तेही मुलांना सांगून ठेवा. गंगाजल कधी द्यायचं, कानाशी काय म्हणायचं, तेही सांगा. आयसीयूत अशा वेळी भेटीचे नियम आड येतात, पण आधी सांगितलं असेल तर बहुतेक सिस्टर वाट काढून देतात.

प्रश्न: माझ्या आईला पाच वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. मला ती ‘वहिनी’ म्हणते. तिच्यासाठी आम्ही असा कागद करू शकतो का? आम्हाला उशीर झाला का?
(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर: तिच्या नावाने कागद करता येणार नाही. तो ज्याचा त्याने, समजउमज शाबूत असताना करायचा असतो. पण कागद नसलेल्यांसाठीही न्यायालयाने वाट ठेवली आहे: तीच दोन मंडळं आणि घरच्यांची संमती. म्हणून भावंडांनी एकत्र बसून एक वही करा. आई धडधाकट असताना आजारपणाबद्दल, आजोबा गेले तेव्हा, शेजारचं कोणी अंथरुणाला खिळलं तेव्हा काय म्हणाली होती, ते ज्याला जसं आठवेल तसं तिच्या शब्दांत लिहा, तारीख आठवली तर घाला. पुढे डॉक्टर ‘तुम्हाला काय हवंय’ असं विचारतील. त्यांना ती वही दाखवा आणि ‘तिला काय हवं असतं’ ते सांगा.

उशिराचं म्हणाल, तर आज आई काय सांगते तेही त्या वहीत येऊ द्या. स्मृतिभ्रंशातही माणूस घास तोंडात घ्यायचा की नाही, कोणी हात धरला की आवडतो की नाही, हे सांगत असतं. पुढे कधीतरी तिचं गिळणं मंदावेल, ठसका लागेल, आणि कोणीतरी नाकातून नळी घालायला सांगेल. वाढलेल्या स्मृतिभ्रंशात त्या नळीने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही, असं जाणकारांचं मत आहे. चमच्याने, हळूहळू, तिला बसवून, पातळ मऊ भात किंवा शिकरण भरवा. ती तोंड मिटेल तेव्हा थांबा. आणि ती तुम्हाला ‘वहिनी’ म्हणते तेव्हा ती वहिनी कोण होती, आईचं तिच्याशी कसं होतं, हे मामाला किंवा मावशीला विचारून घ्या. बहुतेक ती तिची फार लाडकी असणार.